पाटी नंतर लावा, आधी ओढ्याचं नाव विचारा

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पर्वतात केर्न टाउल नावाचं १,२९१ मीटर उंचीचं शिखर आहे. इंग्रजी नकाशावर हे नाव कितीही वेळा वाचलं तरी त्यातून काही कळत नाही. तिथल्या जुन्या गेलिक भाषेत लिहिलं की मात्र लगेच उलगडतं: कार्न अन त-सावल, म्हणजे कोठाराचा डोंगर. 'सावल' म्हणजे धान्य आणि गवत साठवायचं कोठार. त्याची षष्ठी करून त्याच्याआधी उपपद लावलं की एक 'त' येऊन बसतो आणि 'स'चा आवाज गिळून टाकतो. मधला 'व' आधीच पुसट असतो. बोलता बोलता 'त-सावल'चं 'ताउल' होतं, आणि ते इंग्रजी कानाने टिपून घेतलं की 'टाउल' उरतं. त्याच भागातल्या टॉमिनटाउल या गावाच्या नावातही हेच कोठार आहे. तोम अन त-सावल, म्हणजे कोठाराची टेकडी.

ज्यांनी या डोंगराला कोठार म्हटलं त्यांच्या रोजच्या जगण्यात कोठार होतं. गेलिक स्थळनावांबद्दल स्कॉटलंडमध्ये जो वाद चालतो त्यात हीच गोष्ट सतत मागे पडते. २००५ च्या कायद्याने गेलिकला सरकारी पाठबळ मिळालं, २०२५ मध्ये संमत झालेल्या भाषा कायद्याने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला. तरी चर्चा फिरून फिरून रस्त्यावरच्या दुभाषिक पाट्यांवर येते. पाटी हवी की नको, खर्च किती, चालक गोंधळतील का? माझं म्हणणं असं, की डोंगर आणि ओढ्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. सार्वजनिक पैसा आणि श्रम आधी उच्चार नोंदवण्यावर आणि नकाशावर कधी न आलेली छोटी नावं गोळा करण्यावर लागले पाहिजेत, त्यानंतर नकाशा दुरुस्त करण्यावर, आणि पाट्यांवर सगळ्यात शेवटी. ही नावं जमिनीबद्दलची साक्ष आहेत. साक्षीदार हयात आहे तोवर जबानी घ्यायला हवी. पाटी काय, वीस वर्षांनीही रंगवता येते.

साक्ष हा शब्द इथे शोभेसाठी आलेला नाही. गेलिकमध्ये डोंगराला एकच शब्द नाही. आपल्याकडे डोंगर, टेकडी, सुळका, कडा, सोंड, दांड, पठार हे शब्द जसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, तसंच तिथेही आहे. 'बेन' म्हणजे मोठा, ठसठशीत पर्वत. 'कार्न' म्हणजे दगडांचा ढीग, आणि त्यावरून दगडगोट्यांनी झाकलेला डोंगर. 'म्याउल' म्हणजे गोलसर, बोजड गोळा, ज्याला टोक नाही आणि चढताना धाप लागते पण हात टेकावे लागत नाहीत. 'स्गूर' म्हणजे अणकुचीदार कातळी शिखर. हा शब्द स्काय बेटावर आणि वायव्येकडच्या किनारपट्टीवर दाटीने येतो, पूर्वेकडच्या केर्नगॉर्ममध्ये जवळजवळ दिसत नाही, कारण तिथला ग्रॅनाइट झिजून गोल झाला आहे. 'स्टोब' म्हणजे खुंट, 'क्रेग' म्हणजे कडा, 'आउनख' म्हणजे लांबट धार, 'क्रूअख' म्हणजे गवताच्या गंजीसारखा उंचवटा, 'म्याम' म्हणजे स्तनासारखी गोलाई किंवा दोन गोलाईंमधली खिंड. नाक, पाठ, खांदा, डोकं, जीभ हे सगळे अवयवही डोंगरावर आहेत. 'स्रोन' म्हणजे नाक, दरीत उतरणारी सोंड. 'द्रुइम' म्हणजे पाठ, लांब डोंगरपाठ. या शब्दांची ओळख असलेला माणूस नकाशावरच्या समोच्च रेषा पाहण्याआधीच नुसत्या नावावरून सांगू शकतो, की या बाजूने चढता येईल आणि त्या बाजूला दोर लागेल.

विशेषणांच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. 'मोर' म्हणजे मोठा आणि 'बेक' म्हणजे लहान, हे दोन शब्द प्रत्येक गिर्यारोहकाला पाठ असतात. बेन नेव्हिसच्या शेजारी आउनख मोर आणि आउनख बेक अशी दोन शिखरं आहेत. 'मोठं' शिखर १,२२१ मीटर, आणि 'लहान' १,२३४ मीटर. लॉखनगारच्या माथ्यावरही हाच प्रकार आहे: 'लहान' टोक १,१५५ मीटर, 'मोठं' १,१५० मीटर. इथे नाव चुकलेलं नाही. मोर आणि बेक हे शब्द उंची सांगत नाहीत, ऐवज सांगतात. खालच्या दरीतून गुरं हाकणाऱ्या माणसाला कोणता डोंगर अंगापिंडाने भरदार दिसतो, ते सांगतात. समुद्रसपाटीपासूनची उंची हा नंतर आलेल्या सर्वेक्षकाचा प्रश्न होता. १८९१ मध्ये ह्यू मन्रो यांनी ३,००० फुटांवरच्या शिखरांची यादी छापली आणि आज २८२ 'मन्रो' चढून जाणं हा तिथला छंद झाला आहे. पण ज्यांनी ही नावं दिली त्यांच्या दृष्टीने माथा हा डोंगराचा सगळ्यात निरुपयोगी भाग होता. गवत, पाणी, आडोसा, वाट, धोका यांना त्यांनी बारकाईने नावं दिली.

रंगांचं तर वेगळंच शास्त्र आहे. 'गोरम' हा शब्द कोशात निळा म्हणून सापडतो, पण हिरव्यागार गवतालाही तोच लागतो. 'ग्लास' म्हणजे राखाडी आणि फिकट हिरवा यांच्या मधला रंग. 'उअन्य' म्हणजे झगझगीत हिरवा, जसा केर्नगॉर्ममधल्या 'लॉखान उअन्य' या छोट्या तळ्याचा. 'लीअ' म्हणजे करडा, 'रुअघ' म्हणजे तांबूस, 'ज्यारक' म्हणजे लालभडक. 'ओअर' (मातकट), 'रीअवख' (पट्ट्यापट्ट्यांचा) आणि 'ब्राख्क' (ठिपकेदार) हे तिन्ही शब्द जनावरांच्या अंगावरच्या रंगालाही लागतात. ज्यांच्या घरी बांडी आणि कवडी गाय असते त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ब्रेरिआख हे १,२९६ मीटरचं शिखर म्हणजे 'अम ब्राय रीअवख', पट्टेरी उंचवटा. इंग्रजीत 'तपकिरी' म्हणून भाषांतर केलं की पट्टे गेले, गाय गेली, आणि गवत व खडक यांचे आळीपाळीने येणारे पट्टेही गेले.

खुद्द 'केर्नगॉर्म' या नावाची कथा यातली सगळ्यात शिकण्यासारखी. संपूर्ण पर्वतरांगेचं गेलिक नाव 'अम मोनघ रुअघ', तांबूस डोंगराळ मुलूख, कारण तिथला ग्रॅनाइट तांबूस आहे. स्पे नदीच्या पलीकडे समोरच 'अम मोनघ लीअ', करडा मुलूख. नदीच्या दोन काठांवर दोन रंग, ही जोडी त्या खोऱ्यात उभं राहून पाहणाऱ्याची आहे. बाहेरून आलेल्यांनी अ‍ॅव्हिमोर गावाहून समोर दिसणाऱ्या एकाच शिखराचं नाव, 'निळा कार्न', सगळ्या रांगेला दिलं. पुढे २००३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेही त्याच नावाने. म्हणजे तांबूस डोंगरांना कायमचं निळं नाव पडलं. नदीपलीकडच्या मोनघ लीअचं नाव मात्र नकाशावर टिकलं, आणि जोडी फुटली.

आता ओढे. शिखरं सगळ्यांना दिसतात म्हणून त्यांच्या नावांवर लिहिलंही भरपूर जातं. नावांचा खरा साठा पाण्यात आहे. मोठी नदी 'आव्हिन'. त्याखालोखाल 'आउल्त', म्हणजे ओढा. जुन्या आयरिशमध्ये हाच शब्द उंचवटा किंवा कडा या अर्थाचा होता. स्कॉटलंडमध्ये तो कड्याच्या घळीला लागला आणि मग घळीतून वाहणाऱ्या पाण्याला. म्हणून आउल्त म्हटलं की बहुतेक वेळा खोल काठांचा, पावसात चटकन चढणारा प्रवाह असतो. त्याहून लहान 'कूखान': हेदरच्या झुडपांखाली लपलेला, दिसण्याआधी ऐकू येणारा झरा. शब्दाच्या मुळाशी 'आंधळा' हा अर्थ सांगितला जातो. 'फेतान' म्हणजे नळीसारखा अरुंद प्रवाह. 'फे' म्हणजे दलदलीतून संथ जाणारी पाण्याची वाट. शरीरातल्या शिरेलाही हाच शब्द आहे, आणि वरून पाहिलं तर पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींच्या, काळ्या पठारावर पाण्याच्या वाटा खरोखर शिरांसारख्याच दिसतात. 'एस' म्हणजे धबधबा, 'स्त्याउल' म्हणजे उंचावरून पडणारी धार. 'आ' म्हणजे नदीचा उतार, जिथून पलीकडे जाता येतं.

यांना लागणारी विशेषणं कामाची असतात. बेन नेव्हिसच्या उत्तर कड्याखालून वाहणारा 'आउल्त अ व्हुलिन' म्हणजे गिरणीचा ओढा: खाली पाणचक्की होती, हे नावच सांगतं. 'आउल्त ना क्रीखे' म्हणजे हद्दीचा ओढा. अशी नावं जमीनमालकीच्या जुन्या सीमा धुंडाळताना उपयोगी पडतात. 'आउल्त अ खूरिन' म्हणजे रोवनचा, लाल फळांच्या त्या झाडाचा ओढा. नावं ओढ्यावरून डोंगरावर चढतात, हेही लक्षात ठेवावं. बेन लॉअर्स, १,२१४ मीटर, याच्या नावात 'लावर' म्हणजे बोलका, गलबला करणारा, हा शब्द पाहिला जातो, आणि डोंगर काही बोलत नाही. बोलतो तो पायथ्याचा ओढा. ओढ्यावरून वस्ती, वस्तीवरून डोंगर असा हा प्रवास. बेन नेव्हिसमधलं 'नेव्हिस'सुद्धा बहुधा मुळात नदीचंच नाव आहे, आणि म्हणूनच 'ढगांत डोकं असलेला पर्वत' छापाचे अर्थ जपून घ्यावेत. लॉखनगारचं नाव तर उघडच तळ्याचं आहे. 'लॉखान ना गार', गोंगाटाचं छोटं तळं. डोंगराचं स्वतःचं जुनं नाव स्तनांच्या उपमेचं होतं. ते मागे पडून पायाशी असलेल्या तळ्याचं नाव माथ्यावर गेलं.

मोठ्या नद्यांची नावं गेलिकच्याही आधीची आहेत. डी नदीचं नाव दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात 'देवा'सारख्या रूपात येतं, आणि त्याचा अर्थ देवी. संस्कृत 'देवी' आणि हे नाव एकाच मूळ भाषाकुलातून आलेले आहेत. गंगा-गोदावरीला आई म्हणणाऱ्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

इथे उच्चाराचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तोच कळीचा आहे. गेलिकचं लेखन इंग्रजी वाचकाला अवघड वाटतं, पण ते नियमबद्ध आहे. एम किंवा बी यांच्यापुढे एच आला की बहुधा 'व'. टी किंवा एसपुढे एच आला की 'ह'. एफपुढे आला तर बहुतेक वेळा अक्षर मुकंच होतं. डी किंवा जीपुढे आला तर घशातला 'घ', किंवा 'य'. हा बदल व्याकरणाने होतो: बेन स्त्रीलिंगी असल्याने 'मोठा पर्वत' हा 'बेन व्होर' होतो, तर पुल्लिंगी कार्न 'कार्न मोर'च राहतो. त्यामुळे पाटीवर एच गाळला की चूक फक्त शुद्धलेखनाची राहत नाही, नामाचं लिंग आणि विभक्ती बिघडते, आणि मग 'गिरणीचा ओढा' की 'गिरणी ओढा' हे ठरवता येत नाही.

मराठी वाचकाला इथे एक खास सोय आहे. गेलिकमध्ये प आणि ब, किंवा क आणि ग यांच्यातला खरा फरक घोषाचा नसून महाप्राणाचा आहे: जवळजवळ आपल्या ख आणि क सारखा. इंग्रजी कान इथे घोटाळतो, आपला घोटाळणार नाही. दुसरी गोष्ट, 'गोर्म'चा उच्चार 'गोरोम' होतो, र आणि म यांच्यामध्ये एक स्वर शिरतो. धर्मचं धरम आणि जन्मचं जनम होतं तसाच. या स्वराला केल्टिक भाषांचे अभ्यासक 'स्वरभक्ती' असंच म्हणतात, आपल्याच व्याकरणपरंपरेतून उचललेला शब्द.

आघात कुठे पडतो हे तर अर्थ लावण्याचं सर्वांत भरवशाचं हत्यार. गेलिक नावात सामान्य शब्द आधी आणि विशेष शब्द नंतर येतो, आणि जोर विशेष शब्दावर असतो: बेन नेव्हिसमध्ये 'ने'वर, इन्व्हरनेसमध्ये 'नेस'वर. जोर पहिल्याच अवयवावर पडला तर थांबावं, कारण रचना वेगळी आहे. सूलव्हेन या ७३१ मीटरच्या सुळक्यात जोर 'सूल'वर आहे. तो नॉर्स भाषेतला 'सूला', म्हणजे खांब. बोटीतून येणाऱ्या वायकिंगांना पश्चिमेकडून तो खांबासारखाच दिसला असणार, आणि मागे लागलेला 'व्हेन' म्हणजे गेलिक बेन. फक्त लिखित रूप हाती असलेल्या अभ्यासकाला ही किल्ली कधीच मिळत नाही. ती फक्त स्थानिक माणसाच्या तोंडी असते.

मग गोंधळ कुठे झाला? एकोणिसाव्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याने एका मैलाला सहा इंच या प्रमाणात, म्हणजे १:१०,५६० ला, देश मोजला. प्रत्येक नावासाठी 'नेम बुक' ठेवलं: नकाशावर घ्यायचं रूप, प्रचलित वेगवेगळी रूपं, प्रत्येक रूप सांगणारा माणूस, ठिकाण आणि वर्णन. पद्धत म्हणून ही उत्तम होती, आणि ती वह्यांची पानं आज इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. दोष निवडीत होता. जमीनमालक, पाद्री, शिक्षक यांचा शब्द प्रमाण, लहान कुळांवर विसंबू नये असा सर्वेक्षणाचा कल. ज्या गुराख्याला ओढा ठाऊक त्याला शेवटचं स्थान, आणि ज्याला नाव लिहिता येतं पण जो तिथे कधी गेला नाही त्याला पहिलं. मोजणी करणाऱ्या बऱ्याच जणांना गेलिक येत नव्हती. पुण्याचं 'पूना' ज्या कानांनी केलं, तेच कान.

चुका तीन प्रकारच्या झाल्या. पहिला प्रकार कानाचा: टाउलसारखा. दुसरा प्रकार सोवळेपणाचा. केर्नगॉर्ममध्ये 'बोत अन द्याव्हिन' असं एक कातळी टोक आहे, १,००४ मीटर, अर्थ सैतानाचं लिंग. नकाशावर ते 'डेव्हिल्स पॉइंट' झालं. शेजारच्या 'स्गोर अन लॉखान उअन्य'ला, हिरव्या तळ्याच्या शिखराला, सैतानाची भरपाई म्हणून 'एंजल्स पीक' हे इंग्रजी नाव चिकटलं, ज्यात ना तळं आहे ना हिरवा रंग. तिसरा प्रकार म्हणजे लोकव्युत्पत्ती. बेन मॅक्डूई, १,३०९ मीटर, देशातलं दुसरं सर्वांत उंच शिखर. 'काळ्या डुकराचा डोंगर' असा अर्थ शेकडो ठिकाणी छापलेला सापडतो, कारण 'मुख्क दू' हे शब्द ऐकायला जवळचे आहेत. पण जुनी रूपं 'मॅक दुई' दाखवतात, दूचा मुलगा, म्हणजे मॅकडफ घराणं, ज्यांची त्या भागात जमीन होती. डुक्कर गंमतीचं असल्यामुळे टिकलं. लॉखनगारच्या माथ्यावरचं 'काख्क कार्न' हे अधिकच अवघड: जसं लिहिलंय तसं वाचलं तर विष्ठेचा ढीग. मुळात 'काअ', म्हणजे उभी वाट किंवा उतार, हा शब्द असावा असा काहींचा तर्क आहे, आणि तो डोंगराच्या त्या बाजूच्या रचनेला जुळतो.

चौथा प्रकार आज चालू आहे, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो: पर्यटनासाठी नवं नाव. स्काय बेटावरच्या कूलिन पर्वताखाली एका ओढ्याने कातळात सुंदर डोह आणि रांजणखळगे कोरले आहेत. जग त्यांना 'फेअरी पूल्स' म्हणून ओळखतं. ओढ्याचं नाव 'आउल्त कोर अ व्हाती', लांडग्याच्या किंवा रानकुत्र्याच्या कोरेचा ओढा. 'कोरे' म्हणजे कढई, हिमनदीने डोंगरात कोरलेली, आणि इंग्रजी भूगोलात 'कॉरी' हा शब्द याच गेलिकमधून गेला. खालची मोठी कढई 'कोरे ना क्रेखे', लुटीची कोरे. १६०१ मध्ये मॅक्लाउड आणि मॅकडॉनल्ड घराण्यांची लढाई तिथे झाली. लांडगा, लूट आणि लढाई या तिन्ही गोष्टी पुसून पऱ्या आणल्या, आणि आता त्यालाच प्राचीन परंपरा समजून लाखो लोक फोटो काढतात.

तर अर्थ लावायचा कसा? क्रम महत्त्वाचा आहे. आधी सगळ्यात जुनी लिखित रूपं जमवायची: टिमथी पाँटचे १५८० ते १५९० च्या दशकांतले नकाशे, त्यांवरून निघालेला ब्लाऊचा १६५४ चा अ‍ॅटलस, विल्यम रॉय यांचं १७४७ ते १७५५ चं लष्करी सर्वेक्षण, आणि नेम बुकं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे ऑनलाइन फुकट ठेवले आहेत. मग स्थानिक उच्चार, आघातासकट. मग व्याकरण: उपपद कोणतं, षष्ठी एकवचनी की अनेकवचनी. मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणं, आणि तेही ज्या वस्तीतून नाव दिलं गेलं असेल तिथे उभं राहून, कारण माथ्यावरून कोठार दिसत नाही. शेवटी त्याच शब्दाची इतर ठिकाणची नावं ताडून पाहायची. यातली एक पायरी गाळली तरी डुक्कर आत शिरतं. शब्दकोश उघडून सरळ अर्थ लिहिणारे, आणि बहुतेक माहितीफलक तसेच लिहिलेले असतात, फक्त शेवटून सुरुवात करतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी म्हणेल. कारण या नावांवर आता निर्णय अवलंबून आहेत. हायलँड्समध्ये स्थानिक जंगल परत आणण्याचं मोठं काम चालू आहे. ग्लेन अफ्रिकच्या वरच्या टोकाला 'आउल्त बेहे', म्हणजे बर्चचा ओढा, हे नाव उघड्याबोडक्या खोऱ्यात उभं आहे. 'ग्यूअस' म्हणजे पाइन, 'दारख' म्हणजे ओक, 'फ्यार्न' म्हणजे आल्डर. असे शब्द १:२५,००० च्या नकाशावर खुणा करून पाहिले तर हरवलेल्या रानाची पुसट रूपरेषा उमटते. पण नुसत्या नावावर रोपं लावू नयेत. ज्या खोऱ्यात पाइन सर्वत्र होते तिथे कोणी ओढ्याला पाइनचा ओढा म्हणणार नाही, नाव अनेकदा एकट्यादुकट्या झाडाला मिळतं. म्हणून रॉय यांच्या नकाशावरची रानं आणि पीटमध्ये साठलेले परागकण यांच्याशी ताळा घ्यायलाच हवा. प्राण्यांचंही तेच. कार्न अन तुर्क, १,०१९ मीटर, रानडुकराचा डोंगर. रानडुक्कर स्कॉटलंडमधून मध्ययुगातच संपलं होतं, पण 'तोर्क' हा दंतकथेतला, वीर दिअर्मदने मारलेला वराहही असू शकतो. नाव पुरावा आहे, पण उलटतपासणी घेतल्यानंतर.

दुसरा निर्णय अधिक मोठा. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या निसर्गसंस्थेने ४२ 'वाइल्ड लँड' क्षेत्रं नकाशावर आखली, जिथे माणसाचा हात कमीत कमी दिसतो. पवनचक्क्यांचे प्रस्ताव ठरवताना या क्षेत्रांचा विचार होतो. संरक्षणाला माझा विरोध नाही. पण त्या क्षेत्रांच्या आतली नावं वाचा: 'आरी' आणि 'रुई', म्हणजे उन्हाळी चराईच्या झोपड्या, जिथे बायका-मुलं गुरं घेऊन महिनोन्महिने राहत आणि लोणी-चीज करत. वासरांचे डोंगर, घोड्यांचे ओढे, गिरण्या, कोठारं. ही रानं नाहीत, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मेंढ्यांसाठी रिकामी केलेली गावं आहेत. तिथल्या कुळांच्या वंशजांना 'निर्मनुष्य' हा शब्द झोंबतो तो उगीच नाही. नियोजनाच्या अहवालात दृश्याचं मूल्यमापन असतं, पक्ष्यांची गणना असते. त्याच अहवालात त्या क्षेत्रातल्या स्थळनावांचं वाचनही सक्तीचं असावं, अशी माझी मागणी आहे. खर्च एका तज्ज्ञाच्या काही आठवड्यांचा.

आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. २०२२ च्या जनगणनेत गेलिक थोडीफार येणारे सुमारे १ लाख ३० हजार, म्हणजे अडीच टक्के. अडीच टक्क्यांसाठी एवढं का? कारण पर्वतांची नावं शंभर टक्के लोक वापरतात. दुसरा आक्षेप: सगळं स्कॉटलंड गेलिक नव्हतं. अगदी खरं. ऑर्कनी, शेटलंड नॉर्सचे, आग्नेय भाग वेगळा, पिटलॉख्री या गावाचं 'पिट' पिक्टिश, म्हणजे गेलिकच्या आधीच्या पिक्ट लोकांच्या भाषेतलं. बेटांवरच्या डोंगरांच्या नावांमागचं 'व्हाल' म्हणजे नॉर्स 'फ्याल', पर्वत. जिथे गेलिक नाव कधी नव्हतंच तिथे नवं घडवून लावणं हे मला फेअरी पूल्सइतकंच चुकीचं वाटतं. 'आइन्मेन-आच्चे ना हालपा' ही नावांची सल्लागार संस्था पाटीसाठी नाव सुचवण्याआधी जुनी रूपं आणि उच्चार तपासते. हीच कसोटी सगळ्यांना लागू व्हावी. तिसरा आक्षेप बचावपथकांचा: अडचणीत सापडलेल्याला नाव उच्चारता आलं नाही तर? त्यासाठी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारे आकडे, असतो, आणि नाव इंग्रजीत बदलल्याने एकसारख्या नावांचा गोंधळ वाढतोच. 'ब्लॅक बर्न' नावाचे ओढे देशभर आहेत.

वरच्या डीसाइडचं, म्हणजे डी नदीच्या वरच्या खोऱ्याचं, उदाहरण डोळ्यांसमोर असू द्यावं. तिथली गेलिक बोली जन्मापासून बोलणारी शेवटची व्यक्ती १९८४ मध्ये गेली. त्याआधी परिसरशास्त्रज्ञ अ‍ॅडम वॉटसन आणि एलिझाबेथ अ‍ॅलन यांनी गुराखी, शिकाररक्षक, शेतकरी यांच्याकडे जाऊन हजारो नावं त्यांच्या उच्चारांसकट उतरवून घेतली. नकाशावर कधीही न आलेले ओढे, खडक, डोह. दहा वर्षं उशीर झाला असता तर त्यातलं बरंचसं आज नसतं. पश्चिमेकडे आणि बेटांवर तेच काम अजून करता येतं. लागतं ते फार नाही: एक चांगलं ध्वनिमुद्रण यंत्र, १:१०,५६० चा जुना नकाशा मोठा छापून, आणि बोलीचा सराव असलेला माणूस. प्रत्येक नावासाठी पाच गोष्टी: बोललेला उच्चार, अर्थ विचारायच्या आधी, सांगणाऱ्याने दाखवलेली नेमकी जागा, दहा अंकी ग्रिड संदर्भासह, ते नाव त्याला कोणाकडून मिळालं, त्या जागेवर काय केलं जायचं, आणि सांगणाऱ्याला अर्थ ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असं जसंच्या तसं. अर्थ आधी विचारला की माणूस मदत म्हणून अर्थ बनवून देतो, आणि पुढच्या वेळी नावही त्या अर्थाला जुळवून उच्चारतो. दोघांना एकत्र बसवलं की अधिक आठवतं, पण मुद्रण आधी वेगवेगळं करावं. शक्य असेल तर म्हातारीला गाडीतून खोऱ्याच्या तोंडापर्यंत न्यावं. समोर ओढा वाहत असला की त्याला मिळणारे कूखान एकामागून एक आठवत जातात, खालून वर, ज्या क्रमाने ती लहानपणी गाईंच्या मागे चढत असे.